क्रूपस्काया यांचं मागणं

थोर माणूस गेला की त्याच्या नावानं काहीतरी भव्य उभारावं, असं सगळ्यांनाच वाटतं. त्याला स्वतःला काय आवडलं असतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

21 जानेवारी 1924 रोजी रशियन क्रांतीचे नेते लेनिन गेले. 30 जानेवारीला त्यांच्या पत्नी नादेझ्दा क्रूपस्काया यांचं छोटंसं निवेदन ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात छापून आलं. त्यांचं मागणं साधं होतं : त्यांच्या नावानं स्मारकं, महाल उभारू नका, थाटाचे समारंभ करू नका. देशात दारिद्र्य आहे. काही करायचंच असेल तर बालवाड्या, शाळा, वाचनालयं, दवाखाने काढा.

तोवर मॉस्कोच्या लाल चौकात लाकडी समाधी उभी राहिलीही होती. रशियन आणि बल्गेरियन भाषांत अशा भव्य समाधीला ‘मावझोलेय’ म्हणतात. 1930 साली तिथे ग्रॅनाइटची पक्की वास्तू झाली. तेव्हापासून लोक रांगेनं आत उतरत आले. टोपी काढायची, बोलायचं नाही, थांबायचं नाही. काचेआड काळ्या सुटातला, जपून ठेवलेला लेनिन यांचा देह. उजव्या हाताची मूठ वळलेली. पाहता पाहता माणूस बाहेर येतो.

बल्गेरियातही असंच घडलं. तिथले कम्युनिस्ट नेते गेऑर्गी दिमित्रोव्ह 1949 मध्ये वारले, तेव्हा सोफियात अवघ्या सहा दिवसांत मावझोलेय बांधून काढलं. 1990 मध्ये त्यांचा जपून ठेवलेला देह तिथून हलवून त्याचं दहन झालं. 1999 मध्ये सरकारनं रिकामी इमारत सुरुंग लावून पाडायला घेतली, तर पहिल्या स्फोटाला ती दाद देईना. बांधकाम भक्कमच होतं. ज्या श्रद्धेवर ते उभं केलं, ती मात्र चाळीस-पन्नास वर्षांतच ओसरली होती.

क्रूपस्काया यांचं कुणी ऐकलं नाही. तरी त्या रुसून बसल्या नाहीत. जे लोकांकडे मागितलं, त्यातच त्या स्वतः राबल्या. 1939 मध्ये मरेपर्यंत शिक्षण आणि ग्रंथालयं हेच त्यांचं काम होतं. पतीची आठवण त्यांनी अशी जपली.

गेलेल्याचा मान राखायचा तर त्याला जिवंतपणी कशाची कळकळ होती, ते आधी आठवावं. कुणाला मुलांच्या शिक्षणाची असेल, कुणाला आजाऱ्यांची, कुणाला झाडांची. त्यातलं एखादं काम हाती घेऊन नेमानं करत राहावं. त्याला ना मोठा निधी लागतो, ना उद्घाटन. आणि ते आजपासूनच सुरू करता येतं.