हवेंतील पाणी आणि शेजारधर्म

तहानेल्यास पाणी द्यावें, त्याचें मोल घेऊं नये, ही आपली जुनी समजूत. पाणपोईस पुण्य मानणाऱ्या समाजांत आतां हवेंतून पाणी काढणारें यंत्र आलें आहे. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागांत दादर, ठाणें इत्यादि स्टेशनांसाठीं ‘मेघदूत’ नांवाचीं अशीं यंत्रें २०२२ सालीं योजिलीं गेलीं. त्याच रेल्वेवरील चाळीसगांवीं तीं आणिलीं तर?

हवा थंड करून तींतील वाफेचें दंव करावयाचें व तें गाळून घ्यावयाचें, एवढीच यांतील युक्ति. तीस अंश उष्णतेच्या व पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या हवेंत दर घनमीटरास सुमारें २३ ग्रॅम वाफ असते. चाळीस अंश व वीस टक्के असतां ती १० ग्रॅमच भरते. म्हणजे वैशाखांत विहिरी आटतात तेव्हांच यंत्राचाहि हात आखडतो, आणि पावसाळ्यांत तें उदार होतें. परंतु ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं तितूर व डोंगरी या नद्यांनीं चाळीसगांवांत पूर आणिला होता. पावसाळ्यांत तेथें हवेकडे पाणी मागण्याचें कारण काय?

ही अडचण कायमची नाहीं. कोरड्या हवेंतूनहि पाणी शोषणारे सच्छिद्र पदार्थ निघाले आहेत. त्या जातीच्या पदार्थांच्या संशोधनाबद्दल कितागावा, रॉब्सन व याघी यांस २०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां यंत्र सुधारेल असें धरून चालूं. उरतो तो प्रश्न नीतीचा.

कोणी म्हणेल, विहीर उपसली तर शेजारची विहीर खालावते. हवेंतून पाणी घेतल्यानें कोणाचें काय गेलें? हें म्हणणें खरें, पण अपुरें आहे. खानदेशांत पांझरेच्या कांठीं चालत आलेल्या फड पद्धतींत पाणी कमी पडलें तर तोटाहि वांटून घेत. टंचाई सर्वांची असे, म्हणून बंधाऱ्याची काळजीहि सर्वांची असे. ज्याच्या घरांत यंत्र आलें त्याची तक्रार संपते; गांवच्या नळासाठीं भांडावयास उरतो तो, ज्याचा शब्द कोणी ऐकत नाहीं.

यंत्र त्याज्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें प्रथम दवाखान्यांत, शाळेंत, बसस्थानकावर सार्वजनिक खर्चानें पाणपोई म्हणून बसावें आणि मग दिवाणखान्यांत जावें, असें आमचें मत आहे. श्रीमंताची तहान निराळी भागूं लागली, कीं गांवच्या तहानेस कैवारी मिळणें कठीण.