बाटलीआधी ऊन

नंदुरबार, श्रावण

चि. सोनीस,


व्हिडिओ पाहिला. तुझा इग्वाना पोट फरशीला टेकवून सरपटतो आणि खालचा जबडा रबरासारखा लवतो, हे वाईटच. पण मला जास्त धास्ती वाटते ती मागच्या पायांची बोटं थरथरतात त्याची. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं की स्नायू असे उडायला लागतात, त्यापुढे झटके. म्हणून आधी डॉक्टर गाठ, उरलेलं पत्र मग वाच. सरपटणारे प्राणी कोण बघतं ते फोनवरच विचार. तुमच्या सुरतेत कोणी मिळालं नाही तर नवसारीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी कर, ते जवळच आहे. नेताना खोक्यात जाड टॉवेल घाल. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली. शेपटीला धरायचं नाही. ती तुटून हातात येते. त्याची हाडं सध्या नुसत्या उचलण्यानेही मोडू शकतात. एक्स-रे काढून घे.

माझी नोकरी गाई-म्हशींत गेली. नुकती व्यालेली गाय कॅल्शियम उतरून आडवी पडते. शिरेतून बाटली चढवली की बऱ्याचदा तास-दोन तासांत उठून चाऱ्याला तोंड लावते. गावकरी त्याला डॉक्टरचा चमत्कार म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायचो. तुझ्याकडे तसं होणार नाही. गाईची हाडं शाबूत असतात, फक्त दुधाच्या ओढीपुढे रक्तातला पुरवठा तोकडा पडतो. इथे कित्येक महिने कॅल्शियम अंगी लागलेलंच नाही. अशा वेळी गळ्याजवळच्या परावटू ग्रंथी रक्ताचा हिशोब जुळवण्यासाठी हाडांतून उचल करत राहतात. त्याच्या मांड्या भरल्या म्हणून तुम्ही कौतुक करत होतात ना? ते मांस नसावं. पोखरलेल्या हाडाभोवती शरीर तंतूंचा भराव घालतं, त्याची ती सूज. इंजेक्शनने थरथर थांबेल. हाडं भरायला महिने लागतील, आणि जबडा थोडा वाकडा राहील तो राहीलच.

तू लिहितेस की कॅल्शियमचं सिरप तर चालूच होतं. असेल. पण आतड्यातून ते रक्तात घ्यायला डी जीवनसत्त्व लागतं, आणि इग्वाना ते मुख्यतः कातडीत, उन्हातल्या अतिनील किरणांवर तयार करतो. माणसांचंही तसंच. हटचिसन आणि शाह या दोघा संशोधकांनी 1922 साली आपल्या नाशिकमधल्या मुडदुसावर लेख लिहिला होता. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांची हाडं मऊ पडलेली. आणि उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या घरी, ताटात कमी असूनही, तो आजार क्वचित. तुझा इग्वाना असाच पडद्यात आहे. खिडकीतून पेटीवर ऊन येतं म्हणतेस, पण लागणारे किरण साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे, आणि ते काच अडवते. खोलीत उजेड भरपूर, त्याच्या कामाचा काहीच नाही. वर एसी! कातडीत तयार झालेल्या कच्च्या मालाचं डी व्हायला अंगात ऊब लागते, खाल्लेलं पचायलाही लागते.

म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी ट्यूब आण. नुसता निळा दिवा नव्हे. बसायच्या जागेपासून फूटभर वर, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. दाट जाळीही बरेच किरण खाते. दिवसा बारा तास चालू, रात्री बंद. वर्षाने ट्यूब बदल, प्रकाश तसाच दिसला तरी. डोळ्यांना दिसत नाहीत ते किरण आधी संपतात. शेकायची जागा 35 ते 38 अंश, दुसरं टोक गार, म्हणजे तो आपला आपण सरकेल. फांद्या काढून टाक, पडला तर मोडेल. उघडीप मिळाली की सकाळी गच्चीवर ने, पण काचेच्या पेटीत नाही, त्यात तो भाजून निघेल. जाळीचा पिंजरा, अर्धा सावलीत, आणि तू शेजारी, घारी-कावळे आहेत. उत्तरायणाच्या पतंगबाजीत मात्र गच्चीचं नाव काढू नकोस. मांजा कोणाला ओळखत नाही.

खाणं तुमच्या बाजारातच आहे: सरगव्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, गुरांसाठी विकतात तो रजको म्हणजे लसूणघास, जास्वंदीची पानं-फुलं, थोडा लाल भोपळा. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास हवं. केळ्यात हे उलटं, म्हणून केळं चवीपुरतं. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, तो बंद. अंडं आणि कुत्र्याचं खाणं कोणी दिलं असेल तर तेही. हा पक्का पालेखाऊ, त्या प्रथिनांनी मूत्रपिंडं जातात. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर डॉक्टर सांगतील तेवढीच भुरभुरव. डी जीवनसत्त्वाचे थेंब तर मनाने अजिबात नकोत. जास्त झालं की कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत साचतं.

ताई पानाच्या डब्यातला चुना द्यायला निघेल, मी ओळखतो तिला. तो भाजतो, जीभ-अन्ननलिका सोलून निघेल. माझं नाव सांगून डबा काढून घे.

दुकानदाराने कागद दिले होते का? हिरवा इग्वाना साइटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी घरी असेल तर परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. राहिली असेल तर वन विभागाला विचारून मार्ग काढ. घाबरून कोणी ‘तापीकाठी सोडून ये’ म्हणालं तर ऐकू नकोस. तो मध्य-दक्षिण अमेरिकेतला, आणि या पायांवर एक रात्रही काढणार नाही.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन घे. काटा मग त्याचाच, तुमचा नवा आण. हाताळलं की साबणाने हात धुवा, यांच्या अंगावर साल्मोनेला असतो आणि घरात लहान मूल आहे. एक्स-रेचा फोटो पाठव. ट्यूब घेण्याआधी खोक्यावर काय छापलंय त्याचाही.

तुझा,
मामा