लेखकाला दंड



‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि पुण्याच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटांनी आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: कथा फार वरच्या दर्जाची नसेल, पण अश्लील नाही. नुसत्या लैंगिक उल्लेखावरून पुस्तके वगळली, तर तरुणांना फक्त धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील, असेही न्यायमूर्तींनी म्हटले. (पवित्र शास्त्रातली दावीद आणि बथशेबेची हकिकत त्यांना आठवली नसावी!)

२००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ या चित्रपटावर बंदी मागणारी एका ख्रिस्ती संघटनेची याचिकाही त्याच न्यायालयाने फेटाळली. आपल्यापैकी अनेकांना ते लागले. तरीही, आपल्या मुलांना ‘हे पाहू नका’ म्हणणे हा आईबापांचा अधिकार. शेजाऱ्याच्या मुलांना तेच पोलिसांकडून सांगवणे आम्हांला पटत नाही. शिरूर-दौंडच्या घराघरांत आज मोबाइल आहे. रात्री मूल त्यावर काय पाहते, हे विचारायला कोणतेही न्यायालय येणार नाही. विचारायचे आपण, आणि नेमके तेच आपण टाळतो.