पाहणे आणि पाहत राहणे

दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवले नाही. चाळीत ते आपोआप अंगवळणी पडे. दारे दिवसभर सताड उघडी, सामाईक गॅलरीतून सतत ये-जा, तरी जाणारा माणूस नजर समोर ठेवून जाई. (कान मात्र आत असत, ही गोष्ट वेगळी!)

हे आठवायचे कारण म्हणजे लंडनमधला एक खटला. थेम्सच्या दक्षिणेला, टेट मॉडर्न या कलादालनाला लागून 'निओ बँकसाइड' नावाच्या निवासी इमारती आहेत. रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाने आखलेल्या. भिंतीच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत काच. २०१६ साली टेटने शेजारीच नवी इमारत उघडली आणि तिच्या दहाव्या मजल्यावर चारी बाजूंनी फिरता येईल असा सज्जा सर्वांना मोफत खुला केला. एका बाजूला नदी आणि सेंट पॉलचा घुमट, तर दुसऱ्या बाजूला, जेमतेम ३४ मीटरवर, कोणाचा तरी दिवाणखाना! लोक पाहू लागले, फोटो काढू लागले. कोणी दुर्बिणीही आणल्या.

चार फ्लॅट्सच्या मालकांनी कोर्टात धाव घेतली. २०१९ मध्ये ते हरले, २०२० मध्ये अपिलातही हरले. पहिल्या न्यायाधीशांचा सूर असा, की काचेचे घर तुम्ही आपखुशीने घेतलेत, आता पडदे लावा. आपल्या मंडळींतही बहुतेकांचे मत हेच. "एवढे महागडे घर घेता, मग पडद्यांना काय झाले?" या शेऱ्यात न्यायबुद्धी किती आणि मत्सर किती, हे ज्याने त्याने तपासावे.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी रहिवाशांच्या बाजूने कौल दिला. मला तो पटतो. श्रीमंत माणसालाही आपल्या घरात कोणी टक लावून न पाहता जेवता आले पाहिजे. पण मन तेवढ्यावर थांबत नाही. मनोऱ्यावरून दिसणारे लंडन एरवी पैसेवाल्यांचे. सज्ज्याने ते शाळेच्या सहलीतल्या पोरांनाही फुकट दिले. शिवाय गंमत अशी, की इंग्लंडच्या कायद्यात खिडकीतल्या देखाव्यावर कोणाचाच हक्क नाही. उद्या समोर उंच इमारत उठली आणि देखावा गेला, तर त्याबद्दल दाद मागता येत नाही. म्हणजे घराची किंमत ज्यासाठी मोजली, ते मालकीचे नाहीच.

विरुद्ध मत देणाऱ्या दोघा न्यायमूर्तींचा भर शेजाऱ्यांनी एकमेकांना सांभाळून घेण्यावर होता. बोलणे आपल्या ओळखीचे आहे. चाळीतही दारावर अर्धा पडदा असेच. पण त्या गॅलरीतून जाणाऱ्याला संध्याकाळी त्याच दारावरून परत यायचे असे, उद्या साखर मागायची असे. सज्ज्यावर आलेला पाहुणा पुन्हा कधी भेटणार नसतो. त्याला भीड कशाची? तेव्हा सांभाळून घ्यायचे ते एकट्या रहिवाशानेच!

उपाय काय करायचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. मला विचाराल, तर सज्ज्याच्या त्या एका बाजूला आडोसा करावा. फ्लॅट्स दक्षिणेला आहेत, नदी उत्तरेला.