खुशाली विचारताना

पूर्वी आपल्याकडे पत्राचा आरंभ ठरलेला असे. इकडील सर्व खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी, एवढे लिहून झाले की मग 'पत्रास कारण की' म्हणत मूळ विषयाला हात घातला जाई. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असले तरी ते पहिले वाक्य बदलत नसे, आणि त्याला कोणी असत्यही म्हणत नसे. ती एक रीत होती. खरी बातमी पुढच्या ओळींत येणार आहे हे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणून असत. आता तशी पत्रे कोणी लिहीत नाही. पहिले वाक्य मात्र आपण जपून ठेवले आहे. हरवल्या आहेत त्या पुढच्या ओळी.

मुंबईतील दंगली आणि बॉम्बस्फोट यांच्या सावटाखाली 1993 साली आम्ही पदवीची परीक्षा दिली. वसईहून पहाटेची गाडी पकडून एकत्र कॉलेजला जाणारे, डबा वाटून खाणारे आम्ही वीस-बावीसजण पुढे पांगलो. 2023 च्या नाताळात, बरोबर तीस वर्षांनी, निर्मळच्या एका वाडीत पुन्हा एकत्र आलो. केस पिकले होते, चष्मे लागले होते. जेवणाआधी प्रत्येकाने आपले वर्तमान सांगावे असे ठरले. कोणी मस्कतहून आला होता, कोणाची मुलगी टोरांटोला स्थायिक झाली होती, कोणाचा मुलगा डॉक्टर होणार होता, कोणी बँकेत वरच्या पदावर पोहोचला होता. टाळ्या पडत होत्या. एका मित्राची पाळी आली तेव्हा तो हसून म्हणाला, "चाललंय आपलं." आम्हीही हसलो आणि पुढच्याकडे वळलो. जेवण होताच गाडीचे निमित्त सांगून तो लवकर निघाला.

काही महिन्यांनी आमच्यापैकी एकजण रात्री उशिरा आपल्या बहिणीकडे गेला. गृहसंकुलाच्या फाटकाशी रखवालदाराने नोंदवही पुढे केली : नाव, कोणाकडे जायचे, वेळ. सही करताना त्याने मान वर केली. समोर गणवेशात आमचा तोच मित्र उभा होता. क्षणभर दोघेही बोलले नाहीत. मग याने सही केली आणि तो आत गेला. ही गोष्ट त्याने आम्हाला फार उशिरा, जणू स्वतःचाच अपराध सांगावा तशी सांगितली. मित्राचा कारखाना 2021 साली बंद पडला होता. वाडीतल्या त्या दुपारीही तो रात्रपाळी करूनच आला होता.

येथे प्रश्न उभा राहतो. आमचा मित्र त्या दिवशी खोटे बोलला काय?

1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने सत्यकथनाची मर्यादाही विचारात घेतली आहे. सत्य जाणण्याचा अधिकार ज्याला नाही त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणी बांधलेला नाही. काय बोलावे आणि काय राखावे हे प्रीतीने व सत्याविषयीच्या आदराने ठरवायचे असते. तेव्हा मौन म्हणजे असत्य नव्हे. मित्राने आपला दोष झाकला नव्हता, कोणाला फसविले नव्हते. प्रामाणिक कष्टाची भाकरी तो खात होता. 'चाललंय' हे तर अक्षरशः खरे होते. त्याला दोष देता येत नाही. मग प्रश्न आमच्याकडे वळतो. त्याचे सत्य जाणण्याचा अधिकार आम्ही, त्याचे तीस वर्षांचे मित्र, केव्हा गमावला?

संत थॉमस अक्वायनस हेव्याला दुसऱ्याच्या भल्याचे दुःख म्हणतात आणि एक मार्मिक गोष्ट नोंदवितात. सामान्य माणूस राजाचा हेवा करीत नाही. फार मोठे अंतर असते तेथे हेवा उगवत नाही. तो उगवतो बरोबरीच्यांत. एका बाकावर बसलेल्यांइतके बरोबरीचे कोण असणार? सर्वांची धाव एकाच रेषेवरून सुरू झाली असे आपण मनाशी धरतो आणि पन्नाशीत कोण कोठे पोहोचला ते मोजू लागतो. घरची माणसे, आजारपणे, कर्जे ही पहिल्या दिवसापासून वेगवेगळी होती हे विसरतो. बातमी मग बातमी राहत नाही, ती गुणपत्रिका होते. गुणपत्रिका वाचून दाखविली जात असताना नापास झालेल्याने बोलावे अशी अपेक्षा कशी धरावी?

आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, अशा आशयाचा उपदेश संत पौलांनी रोमकरांना केला. त्यावर प्रवचन करताना संत जॉन क्रिसोस्टम यांनी पहिली आज्ञा अधिक कठीण मानली : रडणाऱ्याबरोबर रडायला माणसाचा स्वभावच लावतो, दुसऱ्याच्या सुखात सुखी व्हायला मात्र उदात्त मन लागते. हे खरेच आहे. पण आमच्या अनुभवाने त्यात एक भर घालावीशी वाटते. शोक करणाऱ्याबरोबर शोक करायचा, तर आधी त्याला शोक करायला जागा हवी. आम्ही ती ठेवली नव्हती.

शुभवर्तमानात दोन नातलग स्त्रियांची भेट आहे. एलिझाबेथ गरोदर असल्याची बातमी पवित्र मारियेला देवदूताकडून कळली. तिने निरोप धाडला नाही. ती घाईने डोंगराळ प्रदेशात गेली आणि सुमारे तीन महिने तेथे राहिली. बातमी कळणे हा तेथे शेवट नव्हता, चालण्याचा आरंभ होता. दुसरीकडे, उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावालाही बातमीच कळली, चाकराकडून. आणि तो उंबरठ्याबाहेर थांबला. ईयोबाचे मित्र तर सात दिवस व सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट्याने बसले. ते चुकले ते तोंड उघडल्यावर.

आम्ही तिघे त्या मित्राच्या घरी गेलो. क्षमा मागावी असे ठरवून गेलो होतो; शब्द सुचले नाहीत. त्याच्या पत्नीने चहा दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "अरे, नोकरीची लाज नाही वाटत मला. पण त्या दिवशी टोरांटो आणि डॉक्टरकी यांच्या मधोमध मी माझं ठेवणार कुठे?" आमच्यापैकी एकाने मदतीची गोष्ट काढली. त्याने नम्रपणे नकार दिला आणि म्हणाला, "या अधूनमधून. दुपारी चारनंतर मी जागा असतो."

मध्यम वयात मैत्रीची कसोटी बहुधा हीच असावी. मित्राच्या आयुष्यात काय घडले हे ठाऊक असणे वेगळे. तो किती वाजता जागा असतो हे ठाऊक असणे वेगळे. ज्याने आपले दुःख सांगितले नाही त्याला दुःख नाही असे आपण सोयीने धरून चालतो आणि खुशाली विचारल्याचे समाधान मिळवितो. यापुढे कोणी 'चाललंय' म्हणाला तर पुढच्याकडे वळण्याआधी थोडे थांबावे. त्याने सांगितलेच पाहिजे असे नाही. आपण थांबलो होतो एवढे त्याला कळावे.

पुढच्या भेटीत वर्तमान सांगण्याचा तो कार्यक्रम ठेवायचा नाही, असे आम्ही ठरविले आहे. भेट दुपारी चारनंतर आहे.