दिव्याखालचं गॅरेज

पहाटे साडेसहाच्या सुमारास आमच्या गल्लीत खर्र खर्र सुरू होतं. अर्धवट झोपेत मला अजूनही वाटतं, वाईच्या घरी आई खराट्यानं अंगण झाडतेय. मग पाय पांघरुणाबाहेर पडतो आणि ध्यानात येतं की हे श्टुटगार्ट आहे, जानेवारी आहे, आणि शेजारीपाजारी आपापल्या गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडतायत. ज्यांना गॅरेज नाही त्यांच्या गाडीच्या जागेला इथले लोक थट्टेनं ‘लाटेर्नेनगाराझ’ म्हणतात, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याखालचं गॅरेज. माझंही तेच.

पहिल्या हिवाळ्यात मी बाबांची रीत चालवली. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. थंडीत बाबा चोक ओढायचे, गाडी दोन-चारदा खोकायची, एकदाची सुरू व्हायची आणि मग दहा मिनिटं दारात गुरगुरत उभी राहायची. तेवढ्यात बाबांचा दुसरा चहा व्हायचा. इथंही मी तसंच केलं. इंजिन सुरू केलं, गरम हवा काचेकडे सोडली आणि चहा टाकायला वर गेले. खाली आले तर शेजारचे आजोबा गाडीपाशी उभे. म्हणाले, “इंजिन बंद करा. इथं असं चालत नाही.” म्हाताऱ्याची खोड असेल म्हणून मी मनातल्या मनात चरफडले. नंतर पाहिलं तर खरंच कायदा आहे. जर्मनीच्या वाहतूक नियमांच्या 30व्या कलमानुसार विनाकारण इंजिन चालू ठेवायला मनाई आहे, आणि काच साफ होण्याची वाट पाहणं हे कारण धरलं जात नाही. डोंगरांच्या मधल्या, कढईसारख्या खोलगट गावात थंडीत धूर कसा साचून राहतो हे दिसायला लागल्यावर माझा राग ओसरला.

बाबा चुकत होते असं मात्र नाही. पद्मिनीला कार्ब्युरेटर होता. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, हे तिला लागायचंच. पुढे हे काम यंत्रानं आपल्याकडे घेतलं. याच श्टुटगार्टच्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी 1967 मध्ये गाड्यांत आली. आता किती पेट्रोल सोडायचं ते गाडी स्वतःच ठरवते. उभ्या गाडीचं इंजिन तापतंही फार सावकाश. अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायानं चालवावं, ते लवकर तापतं. पद्मिनी कधीच भंगारात गेली. तिची सवय तेवढी मी विमानातून इथवर आणली होती.

राहता राहिली काच. हवा दोन-तीन अंशांवर असली तरी काचेवर बर्फ धरतो, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. रात्र निरभ्र असली की काच आपली ऊब सरळ आकाशाकडे सोडत बसते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात. म्हणून चांदण्या लखलखीत दिसल्या की मी झोपण्याआधी काचेवर जुनी चादर टाकते. झाडाखालची गाडी बऱ्याचदा कोरडीच असते, पण ती जागा आजोबांची.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हेच घडतं. दहिवर गोठतं, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर धरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. एकदा बाबांनी आम्हाला अंधारातच उठवून पसरणी घाटानं ते बघायला नेलं होतं. एका गाडीच्या टपावरचा बर्फ नखानं खरवडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. आम्ही नाचत होतो. जवळच एक स्ट्रॉबेरीवाला वाकून पानं चाचपत होता, त्यानं आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. तेव्हा तो मला तुसडा वाटला होता.

घाईत मी एकदा केटलीतलं गरम पाणी काचेवर ओतलं. खडी लागून काचेला आधीच एक टवका उडाला होता. तिथून तडा निघाला तो थेट दुसऱ्या टोकापर्यंत. त्यानंतर खरवडणी, हातमोजे आणि दहा मिनिटं लवकरचा गजर. काच आतूनही धुरकटते, आपल्याच श्वासानं आणि ओल्या बुटांनी. तेव्हा हीटरबरोबर एसी लावायचा, कारण तो हवेतली ओल काढून घेतो. थंडीत एसी, हे आईला फोनवर पटवता पटवता मी हरले.

बाबा अजून विचारतात, “गाडी गरम करतेस ना?” मी “हो” म्हणते. गाडी नाही, पण मी तरी होतेच.

आज उणे सात आहे. पुढची काच झाली, दोन्ही बाजूंच्या झाल्या. डोळ्यांपुरतं भोक पाडून निघालं तर इथं दंड होतो, आणि मागची काच अजून राहिलीय.