गाठीत काय चालतं

पेडगावच्या काळ्या रानात अनवाणी पायात काटा मोडला आणि तो पिकला, की जांघेत अवधाण येतं, हे परभणी भागात पोराटोरांनाही ठाऊक असतं. जखम पावलाला, गाठ जांघेत. हा संबंध शेतकरी घरांनी निरीक्षणातून केव्हाच जोडला होता. पण त्याचा अर्थ एकच लागत आला: दुखणं वर चढलं, आता ते शेकून बसवायचं. डॉक्टरांची समजही एकेकाळी याच्या फार पुढे नव्हती. अशी गाठ, म्हणजे लसिकाग्रंथी, ही फार तर घाण अडवणारी गाळणी, प्लीहा म्हणजे जुन्या तांबड्या पेशींचं स्मशान आणि छातीतलं थायमस तर निरुपयोगी मांस, असं मानलं जाई. प्रतिकारशक्ती रक्तात विरघळलेला एखादा गुण असावा आणि तो कमी-जास्त होत असावा, ही कल्पना या समजुतीला धरूनच होती. कोरोनाच्या साथीत घरोघरी उकळलेल्या काढ्यांमागेही तीच होती. माझं म्हणणं असं, की या इंद्रियांचा उलगडा झाल्यावर ती कल्पना सोडायला हवी होती. प्रतिकार ही ठरावीक जागी, ठरावीक गाठीभेटींतून घडणारी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात गाठीने सर्वांत मोठी दहशत बसवली ती प्लेगच्या काळात. १८९४ मध्ये हाँगकाँगला येरसँ या जंतुशास्त्रज्ञाने प्लेगच्या गाठीतून जंतू वेगळा केला. १८९६ मध्ये साथ मुंबईत आली, पुढच्या वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या. काखेत किंवा जांघेत गाठ सापडणं हाच संशयाला पुरेसा पुरावा होता. त्याच काळात, जानेवारी १८९७ मध्ये, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन या शास्त्रज्ञाने मारलेल्या जंतूंची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ती लस बऱ्याच लोकांना वाचवू शकली. म्हणजे मेलेल्या जंतूंवरूनही शरीर काहीतरी शिकत होतं. शिकत होतं ते कुठे, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ज्या गाठी लोक लपवत होते आणि सरकार शोधत होतं, त्या जातीच्या गाठींतच ते दडलेलं होतं.

उत्तर यायला साठेक वर्षं लागली. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिकने दाखवलं, की कोंबडीच्या पिलांच्या गुदद्वाराजवळची एक पिशवी काढली तर त्यांच्यात प्रतिपिंडं नीट तयारच होत नाहीत. माणसात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी घडवण्याचं हे काम अस्थिमज्जा करते. ऑक्सफर्डला जेम्स गोवन्सने उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध केलं, की लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून ग्रंथींत, तिथून लसिका या पातळ द्रवात आणि पुन्हा रक्तात अशा सतत फिरत असतात. १९६१ मध्ये जॅक मिलरने नवजात उंदरांचं थायमस काढलं. त्या उंदरांनी परकी कातडी निमूट स्वीकारली आणि पुढे ते साध्या संसर्गांनी मेले. निरुपयोगी समजलेल्या मांसात टी-पेशी नावाच्या लिंफोसाइट घडत होत्या. या प्रयोगांमधून एक चित्र उभं राहतं. एखादा विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या पेशी लाखांत एखादी, इतक्या विरळ असतात. अख्ख्या शरीरात जंतू आणि ती पेशी यांची आपसूक गाठ पडणं जवळपास अशक्य. आठवडी बाजारात जसा दुर्मिळ मालाचं गिऱ्हाईक आणि विकणारा एकाच दिवशी एकाच जागी येतात, तशी सोय लसिकाग्रंथी करतात. पावलातल्या जखमेपासून काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकेबरोबर जांघेत येतात, फिरत्या लिंफोसाइट तिथूनच जातात, जुळणारी पेशी थांबते आणि तिच्या हजारो प्रती होतात. अवधाण येतं ते मुख्यतः या वाढीमुळे. कोरोनाची लस घेतल्यावर अनेकांच्या त्याच बाजूच्या काखेत गाठ आली, ती याच कामाची.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. गाठ जर प्रतिकाराची जागा, तर प्लेगचा जंतू तिथेच का फोफावतो? ऑगस्ट १९९४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावात तापाबरोबर गाठी आलेले रुग्ण आढळले, तेव्हा हीच जुनी भीती मराठवाड्याने पुन्हा अनुभवली. आक्षेप खरा आहे, पण तो सिद्धान्ताला धक्का देत नाही. जंतूला गिळून आणणाऱ्या पेशींच्या आत प्लेगचा जंतू जिवंत राहू शकतो, म्हणजे शरीर ज्या वाटेने बातमी पाठवतं तीच वाट तो वापरतो. ती वाट आणि ते ठिकाण महत्त्वाचं नसतं, तर तिथे पोचून त्याचा फायदाच झाला नसता.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला: टॉन्सिल काढलेली मुलं धडधाकट असतात, प्लीहा काढलेली माणसं जगतात. टॉन्सिलच्या बाबतीत हे बरंचसं मान्य करावं लागेल, कारण घशाच्या आसपास तसं काम करणाऱ्या आणखी जागा आहेत. प्लीहेचं तसं नाही. ती थेट रक्त तपासते, आणि न्यूमोकोकससारखे वेष्टणवाले जंतू रक्तातून वेचण्यात तिची बरोबरी दुसरं कुठलं इंद्रिय करत नाही. १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर यांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांमधले जीवघेणे संसर्ग नोंदवले, तेव्हापासून हे माहीत आहे. आपल्याकडे नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात शस्त्रक्रियेशिवायच, लहानपणी, प्लीहा आतल्या आत निकामी होते. अशा मुलाला साधा ताप आला तरी तो तातडीचा आजार मानायला हवा, न्यूमोकोकसची लस मिळायला हवी आणि पहिली पाच वर्षं रोज पेनिसिलिन चालू राहायला हवं. अपघातात प्लीहा गमावलेल्या माणसालाही घरी सोडताना लशींचा कागद आणि तापाविषयीची सूचना लेखी मिळाली पाहिजे, मग तो मुंबईचा असो की पेडगावचा.